दोघं एकदम या

मशीन बंद पडलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. बंद मशीनसाठी लोक धावत तरी येतात. पण लॅबमधलं रक्ततपासणीचं ते मोठं मशीन नेहमीसारखं गुरगुरत होतं, सुया खाली-वर करत होतं, बाजूच्या फटीतून आकड्यांची अरुंद पट्टी छापून बाहेर टाकत होतं. फक्त ते आकडे संगणकावर येत नव्हते.

हॉस्पिटलचे सगळे संगणक नुकतेच बदलले होते. जुने खोके गेले, नवे चपटे आले, आतलं सॉफ्टवेअरही नवं. मशीनची केबल मात्र जुनी. नव्या संगणकाला तसली खाचच नव्हती, म्हणून मधे बोटभर लांबीचा एक जोड लावून दिला होता. ताईने केबल काढली, फुंकर मारली, परत लावली. मशीन बंद करून चालू केलं. जोड उलटासुलटा करून पाहिला. पडद्यावर एकच ओळ: उपकरण सापडत नाही.

"हाताच्या अंतरावर आहे की रे मेल्या," ठमी पडद्याला म्हणाली, "मान वळवून बघ जरा!"

ताई लॅबची इन्चार्ज. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. ठमी तिच्या हाताखालची तंत्रज्ञ, पण हाताखालची हे फक्त कागदावर. ताईच्या बाळंतपणात पहिली अंघोळ घालायला ठमी होती, आणि ताईची मुलगी बोलायला लागली तेव्हा आईच्या आधी 'माऊ' म्हणाली ती ठमीला. पुढे माऊची मावशी झाली. बुटकी, गोल, तोंडाने फटकळ, पण हाताला अशी हलकी की रडणारी पोरंसुद्धा तिच्याकडून निमूट रक्त काढून घेत.

ताईने संगणक विभागाला फोन लावला. तिथल्या माणसाला पाठीमागे सगळे 'रीस्टार्ट' म्हणत, कारण काहीही बिघडलं तरी त्याचं औषध तेच. तो आला, रीस्टार्ट केलं, थोडा वेळ पडद्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या बाजूने सगळं ओके आहे. मशीनच काही पाठवत नाहीये. कंपनीला बोलवा."

कंपनीचा इंजिनियर आला तेव्हा रीस्टार्ट मीटिंगमध्ये होता. इंजिनियरने मशीनची तपासणी केली आणि बॅग बंद केली. "मशीन पाठवतंय. घेणाराच घेत नसेल तर मी काय करू? आणि हा मधला जोड आमचा नाही. आमचा नसलेल्या वस्तूला मी हात लावत नाही."

"अहो, पण तुम्ही दोघं एकदम या ना," ताई काकुळतीला आली. "एक मशीनशी उभा राहील, एक संगणकाशी. तोंडासमोर बोलाल तर कळेल तरी कुठे अडलंय."

"त्यांना आमच्या ऑफिसला रीतसर कळवायला सांगा."

रीस्टार्ट म्हणाला, "कळवायचं त्यांनी. मशीन त्यांचं."

अशी टोलवाटोलवी सुरू झाली. एक आला की दुसरा नाही. एकदा तर इंजिनियर खालच्या मजल्यावर दुसऱ्या कामाला आलेला ताईला दिसला. ती जिना उतरून धापा टाकत रीस्टार्टच्या खोलीत गेली. त्याने मान वरही न करता सांगितलं, "आज जमणार नाही." आठवड्यांवर आठवडे गेले.

ती अधीक्षकांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं. "तोवर हाताने भरा. पूर्वी नव्हता का भरत?"

"पूर्वी इतके पेशंट नव्हते, साहेब. निदान एक माणूस जादा द्या. एकाने भरायचं, दुसऱ्याने ताडून बघायचं."

"माणूस काय माझ्या खिशात आहे? ओढा थोडे दिवस."

मग त्या दोघींनीच ओढलं. सुरुवातीला एक पट्टीवरचे आकडे मोठ्याने वाची, दुसरी टाइप करी, आणि मग दोघी मिळून पुन्हा ताडून बघत. पण खिडकीशी रांग, वॉर्डांचे फोन, "रिपोर्ट कुठाय, रिपोर्ट कुठाय" अशी वरून बोंब. ताडून बघणं आधी गर्दीच्या वेळी सुटलं, मग सुटलंच. ठमी एकटी टाइप करू लागली. संध्याकाळी डोळे चोळत म्हणे, "ताई, आता डोळे मिटले तरी आकडेच नाचतात गं."

लॅबमध्ये रक्त काढायला एक तिसरी बाई होती, ती त्या दिवशी रजेवर होती. मशीनची रोजची चाचणी बरोबर येत नव्हती म्हणून ताई सकाळपासून त्यात अडकलेली. वॉर्डातून तरुण डॉक्टरचा फोन आला.

"ताई, सकाळी रक्त घेतलेल्या त्या आजोबांचं पोटॅशियम दोन पॉइंट पाच? फारच कमी आहे. नक्की ना?"

ताईने फोन कान आणि खांद्यामध्ये धरला होता, दोन्ही हातांत नळ्या. तिने संगणकाकडे पाहिलं. "हो, दोन पॉइंट पाच."

पट्टी तिथेच ट्रेमध्ये होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. तिच्यावर छापलेलं होतं पाच पॉइंट दोन.

पोटॅशियम कमी असेल तर सलाईनमधून देतात. आजोबांचं कमी नव्हतंच. थोडं जास्तच होतं. त्यात आणखी चढवलं गेलं आणि दुपार उलटता उलटता त्यांचं हृदय थांबलं. वॉर्डातून घाईघाईने त्यांच्या रक्ताची दुसरी नळी आली. मशीनने पट्टी बाहेर टाकली, ताईने ती वाचली, मग ट्रेमधली जुनी शोधून शेजारी धरली.

"काय झालं?" ठमीने विचारलं.

ताईने दोन्ही पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या. ठमीने पाहिलं, पडद्यावर पाहिलं आणि स्टुलावर मटकन बसली. ताईने वॉर्डाला फोन लावला. वॉर्डात आजोबांच्या छातीवर दाब देणं चालू होतं. ते परत आले नाहीत.

चौकशी लागली. आणि काय गंमत बघा, चौकशी म्हटल्यावर इंजिनियर आला, रीस्टार्टही आला, दोघं एकाच वेळी लॅबमध्ये उभे. इंजिनियरने विचारलं, "तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या नंबरच्या पोर्टवर, म्हणजे कुठल्या खाचेवर ऐकतंय?" रीस्टार्टने बघितलं. "तीनवर." इंजिनियरने वाकून जोड बघितला. "नव्या संगणकाने जोडाला पाच नंबर दिलाय की." रीस्टार्टने तीनचा पाच केला. पडद्यावर आकडे धडाधड उतरू लागले.

"एवढंच होतं होय!" रीस्टार्ट हसला. इंजिनियरही हसला. दोघांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले.

ताई भिंतीला टेकून उभी होती. त्या हसण्यावर ओरडावं असं तिला वाटलं.

चौकशी अधीक्षकांच्या खोलीत झाली. ठमीला बाहेर बाकावर बसवलं होतं. आत रीस्टार्टने सांगितलं, यंत्रणा चालू आहे. इंजिनियरने सांगितलं, मशीनमध्ये दोष नाही. आठवडेच्या आठवडे ज्यांचं एका वाक्यावर जुळलं नव्हतं, ते आज एका सुरात बोलत होते. कधीपासून चालू आहे, हे कुणी विचारलं नाही.

"म्हणजे मशीनने बरोबर छापलं आणि संगणकाने जे भरलं तेच दाखवलं," साहेब म्हणाले. "भरलं कुणी?"

ताई म्हणाली, "भरलं तिनेच. पण साहेब, वॉर्डातून विचारलं तेव्हा पट्टी न बघता मीच 'हो' म्हटलं."

"तुम्ही पडद्यावर होतं तेच वाचलंत ना? मग त्यात तुमचा काय दोष?"

"पट्टी शेजारीच होती. आणि जोडणी बंद होती म्हणून तर हाताने भरत होतो. मी तुमच्याकडे माणूस मागायला..."

"ताई," साहेबांचा आवाज अगदी मऊ झाला, "उगाच फाटे फोडू नका. तुमची इतक्या वर्षांची नोकरी आहे. बसा."

इन्चार्जवर ठपका आला असता तर तो वर चढत चढत साहेबांच्या खुर्चीपर्यंत गेला असता. हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि कळूनही ती बसली.

ठमीला कामावरून काढलं. तिने कपाट रिकामं केलं, डबा आणि शाल पिशवीत घातली. ताई मदतीला पुढे झाली तर तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

दुसऱ्याच दिवशी आजोबांची मुलगी लॅबच्या खिडकीशी आली. मध्यमवयीन, दमलेली बाई. ती आरडाओरडा करायला आली नव्हती. "चूक करणाऱ्या बाईंना काढलं म्हणाले. खरं का?"

"हो."

"त्यांना एकदा भेटायचं होतं. बाबांना सुईची फार भीती. त्या सकाळी त्या बाईंनी हसवत हसवत रक्त काढलं, म्हणून बाबा खूश होते. पत्ता द्याल?"

ताईने पत्ता लिहून दिला.

त्यानंतर ताईने ठमीला किती फोन केले, ते वाजून वाजून बंद झाले. घरी मुलगी विचारी, "मावशी का येत नाही गं?" कधी ताई म्हणे, बरं नाही तिला. कधी म्हणे, कामात आहे. मग मुलीने विचारणंच सोडलं, आणि ते ताईला जास्त लागलं.

कितीतरी महिन्यांनी बसथांब्यावर ठमी दिसली. वाळली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका लहानशा लॅबमध्ये नळ्या धुण्याचं काम करत होती. रक्त काढायला देत नव्हते.

"मी आत सांगितलं होतं गं," ताई म्हणाली. "फोनवर मीच हो म्हटलं, हे मी सांगितलं."

"ठाऊक आहे. दार अर्धं उघडंच होतं. सगळं ऐकू येत होतं."

"मग?"

"तू सांगितलंस. ते 'बसा' म्हणाले, आणि तू बसलीस. खुर्ची सरकल्याचा आवाजही आला मला." ठमी रस्त्याकडे बघत होती. "चूक माझी होती, ताई. ती मी कुणावर ढकलणार नाही. त्या म्हाताऱ्याची मुलगी घरी आली होती, माझ्याजवळ बसून रडली. परकी बाई आली. तू मात्र नुसता फोन करत राहिलीस."

"तू उचलत नव्हतीस."

"घर ठाऊक होतं ना तुला?"

बस आली. ठमी चढली, आत सरकून उभी राहिली, आणि मधे माणसं आली.

घरी आल्यावर ताईने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू आणखी काय करणार होतीस? नोकरी घालवून बसली असतीस. तुझी काही चूक नाही."

"तसं म्हणू नकोस," ताई म्हणाली.

"अगं, पण खरंच..."

"म्हणू नकोस म्हटलं ना!"

आतल्या खोलीतून मुलगी दारात येऊन उभी राहिली. काय झालं, असं तिने विचारलं. ताईने तिला जवळ बसवलं, तिचा हात हातात घेतला आणि मावशी का येत नाही ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. साहेब 'बसा' म्हणाले आणि आपण खुर्चीत बसलो, तिथपर्यंत आल्यावर मुलीने आपला हात हळूच सोडवून घेतला.