मिस वांडाचा पट्टा

मी नाडी मोजणारा पट्टा बोलतोय. घड्याळ म्हणू नका हं, राग येतो मला.

ओहायोतल्या टोलीडो गावच्या एका पाळणाघरात शिक्षिकांच्या तब्येतीसाठी आमचं वाटप झालं, आणि मी आलो मिस वांडाच्या वाट्याला. वय एकसष्ट, गुडघे कामातून गेलेले, तरी दिवसभर जमिनीवर बसून दहा पोरांची नाकं पुसायची. जीव लावावा तर असा!

संचालिका मिस गेलच्या फोनवर रोज दुपारी, पोरांच्या झोपेच्या वेळी, प्रत्येकीचा ठिपका दिसे. शांत असली तर हिरवा, जिवाची ओढाताण झाली की लाल. लाल झाली की घरी जाऊन विश्रांती घ्यायची. हेतू चांगलाच होता हो! पण दहा पोरांमागे दोघी हव्यात असा तिथला नियम, आणि बदली बाई कधीच मिळायची नाही. मग वर्ग बंद, आणि पोरांच्या आयांना कामावरून बोलवायचं.

मार्चात वांडाची नाडी अडखळायला लागली. मी लाल झालो, दोनदा वर्ग बंद पडला. दुसऱ्यांदा छोट्या ओडेलची आई दारातच रडली. "आणखी एक खाडा झाला तर नोकरी जाईल माझी, मिस वांडा."

दुसऱ्या दिवशी पोरं झोपल्यावर वांडाने मला काढलं आणि ओडेलच्या मनगटाला गुंडाळलं.

"अगं, वेडी का काय तू?" जोडीदारीण लट्रीस कुजबुजली.

"गप गं. झोपलेलं पोर, हिरवंच दाखवणार. माझं काय, कॉफीनं छातीत जळजळतंय जरा."

"आज कॉफी घेतलीस कुठे?"

"तू जेवायला जा बघू! झोपेच्या वेळी एकीनं भागतं."

मग हे रोजचंच झालं. मिस गेल सगळ्यांना सांगत सुटली, "बघा, वांडा कशी सावरली!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आजही मी ओडेलच्या हातावर आहे. लट्रीस जेवायला गेलीय. वांडा भिंतीला टेकून त्याला थोपटत होती. थोपटता थोपटता तिचा हात थांबला, मग घसरून सतरंजीवर पडला. तो तसाच पडलाय.

आत्ता मिस गेल दाराच्या काचेतून डोकावली. वांडाचे मिटलेले डोळे पाहिले, फोनवरचा हिरवा ठिपका पाहिला, हसली, आणि हळूच दिवा मालवून गेली.

ओडेल, बाळा, ऊठ रे! घाबर, किंचाळ, ऊर फुटेस्तोवर रड. म्हणजे मला लाल होता येईल.