जमिनीला लावलेला कान

मी एक जुनी काठी आहे. टेकून चालायची नव्हे बरं का मित्रांनो, ऐकायची! माझं एक टोक लोखंडी आहे आणि दुसऱ्या टोकाला लाकडी वाटी आहे. लोखंडी टोक जमिनीत रोवायचं आणि वाटीला कान लावायचा. खालचा नळ फुटला असेल, तर पाण्याची सळसळ माझ्या अंगातून वर चढते.

माझी वाटी एका सुताराने घडवली. "ऐकणाऱ्याचा कान दुखता कामा नये," असं म्हणत तो ती स्वतःच्या कानाला लावून पाहायचा आणि पुन्हा घासायचा. त्याचे उपकार मी विसरलेले नाही. पुढे मी पाणीखात्यात गळती शोधणाऱ्या माझ्या मालकांच्या हाती आले. किती गल्ल्या पालथ्या घातल्या आम्ही! गळती सापडली की लोक त्यांना चहा द्यायचे आणि मला सावलीत उभं करायचे.

मग खात्यात यंत्रं आली, मालक निवृत्त झाले आणि मी त्यांच्या घरी आले. उताराच्या गल्लीतलं ते अगदी शेवटचं घर. तिथे माझ्यावर दुपटी वाळू लागली. आधी वाईट वाटलं. पण त्या दुपट्यांमुळेच मालकांच्या नातीशी, चिमणीशी, माझी ओळख झाली.

चिमणीची आई फार धास्ती घ्यायची. बाळाचा श्वास जरा बदलला की झोपेतून उठून बसायची.

"अगं, जरा झोप की," मालक सुनेला म्हणायचे.

"झोपलेच होते बाबा. पण तिने कूस बदलली ना!"

त्या वर्षी तलाव आटला. पाणी दिवसाआड येऊ लागलं, तेही करंगळीएवढं. वरच्या घरांनी नळाला पंप लावले, ते पाहून मधल्यांनीही लावले. आमच्या घरचा नळ नुसता सुस्कारे टाकायचा. एकदा त्यातून गढूळ पाणी आलं. पिण्याचं पाणी आई उकळूनच ठेवायची. पण आंघोळीच्या तांब्यातलं चिमणीने गटकन पिऊन टाकलं. जुलाबांनी पोर पार कोमेजली. डॉक्टर म्हणाले, "या वेळी सावरली. पुन्हा असं होऊ देऊ नका."

"नळ कुठेतरी फुटलाय," मालक म्हणाले. "पंप ओढतात तेव्हा बाहेरची घाण त्या भोकातून आत शिरते."

खात्याच्या बाई यंत्र घेऊन आल्या. "मला नुसती पंपांची घरघर ऐकू येते. पाणी येताना सगळे पंप बंद ठेवा, मग सापडेल," असं सांगून त्या पुढच्या वस्तीत गेल्या. पण बंद करणार कोण? जो तो म्हणे, आधी शेजाऱ्याने करावा!

तेव्हा आई चिमणीला कडेवर घेऊन दारोदार फिरली. चढावर बागवाल्या काकू राहायच्या. एवढ्या टंचाईतही त्यांचं कुंपण हिरवंगार होतं. "माझ्या हातालाच गुण आहे," असं त्या ऐटीत सांगायच्या.

"मी बंद केला आणि शेजारच्याने सगळं ओढून नेलं तर?" काकू म्हणाल्या.

"काकू, कुणाचं बाळ झोपलं असलं तर तुम्ही कडीसुद्धा वाजू देत नाही. तसंच समजा. घटकाभर."

काकूंनी चिमणीचे खोल गेलेले डोळे पाहिले. "माझा बंद. आणि शेजारच्याचाही मीच करवते. बघतेच कसा ऐकत नाही तो!"

पाणी यायच्या वेळी गल्ली खरंच गप्प झाली. मालकांनी मला रोवलं, कान लावला आणि मान हलवली. "माझे कान थकले गं. तू ऐक."

"मला काय कळणार बाबा?"

"चिमणीचा श्वास कळतो ना?"

घरामागून घर करत ती मला घेऊन चढावर गेली. काकूंच्या कुंपणाशी थबकली. माझ्या अंगात सळसळ चढली होती.

"बाबा, इथे कुणीतरी श्वास सोडतंय. एकसारखा."

काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "म्हणजे हाताला गुण नव्हता, नळाला भोक होतं!" आणि खणता यावं म्हणून त्यांनीच कुंपणाची ती लाडकी झुडपं आधी उपटली. दुसऱ्या दिवशी नळ सांधला. पंपाशिवाय पाणी उतार उतरून आमच्या घरी आलं, स्वच्छ.

आता गल्लीत पंप लागत नाहीत. अधूनमधून सगळे घटकाभर गप्प होतात आणि आई मला घेऊन निघते. दुपटी वाळवायला दोरी बांधली आहे. मित्रांनो, तुमच्या पायांखालूनही पाणी कुणाच्या तरी शेवटच्या घराकडे निघालेलं असतं. ते पोचतंय का, एवढं कान देऊन ऐका.

परवा आई मला पुसत बसली होती. चिमणी आली आणि आईच्या छातीला कान लावून ओरडली, "आजोबा, आई इथे फुटलीये!"

मालकांना एरवी नीट ऐकू येत नाही. पण हे त्यांनी बरोब्बर ऐकलं. "ती गळती राहू दे गं," ते म्हणाले. "तिच्यावरच तर घर चालतं."