नकाशाचं शीड

कातिमिरा नुकुतेरा बेटावर उतरली, तेव्हा तिच्यामागून उतरवलेली पत्र्याची पेटी तिच्याहून जड होती. तिला न्यायला आलेल्या नाकिबाएमामानं आधी पेटीकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं.

"यातली बाई कुठली आणि सामान कुठलं?" तो म्हणाला.

पेटीत मेणकापडावर छापलेला जगाचा भलामोठा नकाशा होता, पितळी घंटा होती, गजराचं घड्याळ होतं, रंगीत खडू होते आणि एक छत्रीही होती. एवढ्या तयारीला कारण होतं. तरावाच्या शिक्षक विद्यालयात सरावाचा पाठ घ्यायला ती दोनदा उभी राहिली होती आणि दोन्ही वेळा तिची दातखीळ बसली होती. मुलं वाट बघतायत, गुरुजी वाट बघतायत आणि ही आपली खांबासारखी उभी. शेवटी गुरुजींनी सांगून टाकलं होतं, "नुकुतेराला जा. तिथल्या म्हाताऱ्यांनी ठेवून घेतलं तर तू बाई. नाहीतर त्याच बोटीनं परत ये आणि दुसरं काहीतरी शिक."

नुकुतेराचे म्हातारे असे की नव्या बाईचा पहिला पाठ ते स्वतः मागे बसून ऐकत. पाठ सोमवारी सकाळी होता. बोट खोबरं भरून सोमवारी दुपारीच निघणार होती. कातिमिराला दुसरं काही शिकायचं नव्हतं. तिला लहानपणापासून बाईच व्हायचं होतं. अंगणातल्या कोंबड्यांची हजेरी घेण्यात तिचं बालपण गेलं होतं. म्हणून तिनं पहिला पाठ शब्दन् शब्द तोंडपाठ केला होता, त्यात एक विनोदही घातला होता, आणि तोंड दगा देईलच म्हणून हाताशी असावं असं सगळं पेटीत भरलं होतं.

पेटी उघडली आणि पंचाईत झाली. मामाच्या घराला भिंती नव्हत्या. बेटावर कुणाच्याच घराला नव्हत्या.

"पोरी, बुबुती," शेजारची तेरुआमावशी म्हणाली.

"कशाची, मावशी?"

"त्या घंटेची. माझी डुकरीण भटकते. कुठे तोंड घालते, पत्ता लागत नाही."

"मावशी, ती शाळेची घंटा आहे."

"मग? शाळा भटकते का?"

नात्यातल्या माणसानं बुबुती म्हणून काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. म्हणणाऱ्याचं नाक जातं आणि जाताना त्याच्या आईचंही घेऊन जातं. तेव्हा घंटा डुकरिणीच्या गळ्यात गेली. उलटून आपणही बुबुती करावी, याला कुणाची हरकत नसते, पण त्याला तोंड उघडावं लागतं. संध्याकाळपर्यंत अर्धं बेट कातिमिराचं नातलग निघालं. छत्री गेली, खडू गेले, घड्याळ मामीनं नुसतं टिकटिक ऐकायला मागून घेतलं. कातिमिरा प्रत्येकाला "घ्या ना" म्हणत होती आणि पेटी हलकी होत होती.

शुक्रवारी बिरिबोआजोबा आले. आजोबा वाळलेल्या माशासारखे होते, पण सभाघरात त्यांनी मान हलवली की बेट हलायचं. बाई राहणार की जाणार, हे तेच ठरवणार होते. त्यांनी नकाशाला चिमटीत धरून ओढून पाहिलं.

"नात, बुबुती. माझ्या होडीचं शीड फाटलंय."

"आजोबा, यात सगळं जग आहे."

"असू दे. वारा धरेल ना?"

जग वाऱ्यावर गेलं. कातिमिरा रिकाम्या पेटीवर बसली आणि स्वतःची समजूत घालू लागली. पाठ तर डोक्यात आहे ना? डोक्यातलं कोण मागून नेणार? शनिवारी पहाटे तिनं कोंबड्यांसमोर उभं राहून तो अख्खा म्हटला, न अडखळता. मागे वळली, तर मामा माडावर माडी काढता काढता थांबून ऐकत होता. तो सरसर खाली उतरला. एवढा अगडबंब माणूस, पण पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत उभा राहिला.

"पोरी, बुबुती."

"मामा, आता उरलंय काय?"

"ते तुझं भाषण. आज सभाघरात तुझ्या स्वागताचं जेवण. यजमान मी, म्हणजे बोलायचं मी. आणि माझं हे असं होतं." त्यानं जबड्याकडे बोट दाखवलं. दातखीळ घराण्यातलीच होती तर!

"अहो मामा, सोमवारी मी काय बोलू?"

"सोमवारला अवकाश आहे. मला आज मरायचंय."

ती त्याला नाही कसं म्हणणार? तो तर सख्खा मामा होता. दिवसभर तिनं त्याच्याकडून पाठ घोकून घेतला आणि संध्याकाळी, नीरफणस आणि मासे खाऊन तृप्त झालेल्या गावासमोर, नाकिबाएमामा कमरेला मानाची नवी चटई गुंडाळून उभा राहिला. त्यानं डोळे घट्ट मिटले.

"मुलांनो," तो गरजला, "मी तुमची नवी बाई. मला मुळीच घाबरू नका!"

एका बाळानं भोकाड पसरलं. मामाला एक शब्दही बदलायचं धाडस नव्हतं, त्यामुळे तो तसाच पुढे रेटत गेला. "खेकडा शाळेत का येत नाही? कारण रांगेत उभं केलं, की तो आडवा जातो! आता सगळ्यांनी हात वर करा आणि नखं दाखवा!" म्हाताऱ्यांनीसुद्धा नखं दाखवली. लोक इतके हसले की चटया चुरगळल्या. मामाचं आयुष्यातलं पहिलं भाषण गाजलं. कातिमिराही हसली, आणि हसता हसता तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सोमवारी डुकरीण उजाडताच उठली. घंटा ऐकून मुलं धावत सुटली, अर्धी तर तोंडं न धुताच. मागे म्हातारे मांडी घालून बसले, मध्ये बिरिबोआजोबा. दारापाशी मामा उभा होता आणि भाचीऐवजी त्यालाच घाम फुटला होता. बेटामधल्या खाऱ्या सरोवराच्या तोंडाशी बोट धूर सोडत होती.

कातिमिरा उभी राहिली. "मुलांनो," ती म्हणाली, "मी तुमची नवी..."

"बाई. मुळीच घाबरू नका!" वर्गानं एका सुरात पुरं केलं. मग त्यांनी खेकडा सांगितला आणि न सांगता नखं दाखवली.

तिचा जबडा मिटला. ती ओळखीची खीळ खट्‌कन बसली. मामानं कपाळावर हात मारून घेतला. बिरिबोआजोबांनी हळूच बोटीच्या दिशेला पाहिलं, आणि ते तिला दिसलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक किडकिडीत मुलगी उभी राहिली. ती मामीच्या बहिणीची नात होती, म्हणजे नातं होतंच.

"बाई, बुबुती."

कातिमिराकडे खडूचा तुकडाही नव्हता. पण बुबुतीला उत्तर न देणं म्हणजे नाही म्हणणं, आणि ते तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. जबडा करकरला आणि उघडला.

"बोल," ती म्हणाली.

"दुसरं काहीतरी सांगा ना. हे मामांनी सांगितलंय. आजोबांच्या शिडावर ते निळं-पिवळं काय आहे, ते सांगा."

"ते?" कातिमिरा म्हणाली. "ते जग आहे. चला, दाखवते. आजोबा, शीड चढवा!"

आपण कुणाला हुकूम सोडला, हे तिच्या लक्षातच आलं नाही. आजोबांच्या आलं; पण ते उठले. होडी सुटली, शीड फुगलं आणि अख्खी शाळा गुडघाभर पाण्यात उतरली. होडी एकदा इकडून तिकडे गेली, एकदा तिकडून इकडे आली. कातिमिरा लुगडं खोचून ओरडत होती, "ते पिवळं आफ्रिका! तिथे हत्ती असतात! तो हिरवा आशिया, तिथली माणसं मिरची खातात!"

"बाई, आफ्रिका भिजली!"

"बाई, आशिया वळला!"

म्हातारे काठावरून भांडत होते, की इतकं कोरडं जग घेऊन करायचं काय. मामा छातीभर पाण्यात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "माझी भाची!"

"आणि आपण कुठे आहोत?" किडकिडीत मुलीनं विचारलं.

होडी जवळ आली तशी कातिमिरानं शिडाची कड पकडली, शोधलं, पुन्हा शोधलं. "आपण शिवणीत गेलो," ती म्हणाली.

मुलांचे चेहरे उतरले. आजोबांनी होडीतून वाकून पाहिलं. "दुहेरी शिवण आहे," ते म्हणाले, "सगळं जग फाटलं तरी तेवढं राहील."

"आणि ऑस्ट्रेलिया?"

आजोबा घुटमळले. "शीड तीन कोनांचं असतं. तो कोपरा उरला. म्हातारी त्यावर पीठ मळते."

बोटीनं भोंगा दिला. सूर्य डोक्यावर आला होता आणि सकाळपासून आपण बोलतोय, हे कातिमिराला तेव्हा कळलं. सगळे काठावर गोळा झाले. बिरिबोआजोबा निथळत तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"नात, बुबुती."

तिनं स्वतःकडे पाहिलं. अंगावरचं ओलं लुगडं सोडलं तर देण्यासारखं काही नव्हतं.

"ती बोट," आजोबा म्हणाले, "तुझ्याशिवाय जाऊ दे."

आणि सकाळभर हत्तीपासून मिरचीपर्यंत बडबडलेल्या बाईची दातखीळ बसली. ओठ हलेनात. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहत होतं.

"नाही म्हणतेय की काय?" आजोबा घाबरून मामाला म्हणाले.

"हो म्हणतेय," मामाही रडत म्हणाला. "आमच्यात असंच म्हणतात."

बोट गेली. ती पार दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे कातिमिराचा जबडा सुटला. तिनं नाक पुसलं आणि आजोबांसमोर ताठ उभी राहिली.

"आजोबा, बुबुती."

सगळं बेट कान टवकारून उभं राहिलं.

"ऑस्ट्रेलिया," ती म्हणाली.

आजोबांनी एकदा घराकडे पाहिलं. म्हातारीला हे कसं सांगायचं, या विचारानं त्यांचा चेहरा पडला, पण नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी डुकरीण उठली तेव्हा फळ्याच्या जागी एक पिठाळलेला खंड टांगलेला होता, आणि म्हातारी पहिल्याच रांगेत ठाण मांडून बसली होती, आपली वस्तू नीट वापरतात की नाही ते बघायला.