वाटाड्या पाहिजे

आमच्या सोनदरीच्या डोंगरात साहेबाच्या काळी सोन्याची खाण होती. सोनं संपलं, साहेब गेला, खाणीवर रान माजलं. आता त्या रानातल्या जुन्या वाटा साफ केल्यात आणि शहरातली माणसं ट्रेकिंगला येतात. त्यांना फिरवायला गावच्या वन समितीला पगारी वाटाड्या पाहिजे होता.

बायकोनं, शालूनं हे फोनवर सांगितलं आणि इकडं दोह्यात, इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामात, मी फोर्कलिफ्टवर बसल्या बसल्या गावाला पोचलोसुद्धा. मला घरी जायचं होतं, दुसरं काही नाही. स्वतःच्या बायकोला वर्षातनं एकदा पाहुण्यासारखं भेटून जीव विटला होता. पण गावात कमाई नसताना जाऊन खायचं काय?

"त्या रानात मला डोळे बांधून सोडा," असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. खोलीवरचा केरबा म्हणाला, "जिना चढताना धापा टाकतोस, डोळे उघडेच राहू दे." त्याचंही खरं. कतारमध्ये चढ म्हणजे उड्डाणपूल, आणि तोही मी कंपनीच्या बसमधनं चढलेला.

मुलाखत शुक्रवारी, व्हिडिओ कॉलवर. बरवा अल बराहा या कामगार वस्तीतल्या आमच्या खोलीत मी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी अशा थाटात बसलो. तिकडं समितीचे अध्यक्ष श्यामराव, आणखी दोघंतिघं, आणि फोन धरायला शालू.

"धनाजी, पाहुण्यांना कसं नेशील सांग बघू," श्यामराव म्हणाले.

"सोपंय, आण्णा. सकाळी देवळापाशी गोळा करायचं, दरीतनं वर चढवायचं, खाणीच्या तोंडापाशी नेलं की खलास."

श्यामराव फोनजवळ सरकले.

"खलास?"

"हो. बारकी पोरं असली तर अलीकडं, बोगद्यापाशीच खलास करायचं. म्हातारी माणसं ओढ्यावरच."

इथं 'झालं, संपलं' म्हणायला अरबी असो नाहीतर मल्याळी, सगळ्यांचा हाच शब्द. गावाकडं खलास म्हणजे माणूस गेला, हे माझ्या डोक्यातनं साफ निघून गेलं होतं. श्यामरावांनी टोपी काढून घाम पुसला. शालू हसताना फोन असा हलला की मला नुसते आढ्याचे पत्रे दिसायला लागले.

"अहो आण्णा, फिरणं संपलं म्हणायचंय त्यांना," ती म्हणाली. "आणि ओढ्याची वाट आता कुठाय? दरडीत गेली ती. वरच्या अंगानं जावं लागतं. शिकेकाईला मी तिकडनंच जाते."

"एकटी जातीस?" श्यामरावांनी विचारलं.

"मग कुणाला नेऊ? हे तिथं."

पुढं माझ्याशी कुणी बोललंच नाही. नोकरी शालूला लागली. माझ्या मुलाखतीत, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी लुंगीवर.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी केरबाकडं पाठ केली, कारण मला रडू येत होतं. "आता मी कशाच्या जोरावर येऊ?"

"माझ्या," ती म्हणाली. "भाकरी काय, कुणाच्याही पगाराची फुगते. निघा."

जे हवं होतं ते समोर आलं आणि हा शहाणा काय बोलला? "अगं, लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "घरात लोक कुठं असतात? मी एकटीच असते."

सकाळी सुपरवायझरला सांगितलं, मी चाललो. गावी कसलं काम मिळालं, त्यानं विचारलं. म्हटलं, बायको पुढं चालणार, मी तिच्या मागनं.