कोयलीपाणीचा मुक्काम

"उभं राहायची घाई करू नका," दिनेश म्हणाला. "आधी गुडघ्यांवर. वल्हं आडवं, बोर्डवर टेकवून. आणि पायांकडे बघायचं नाही. पायांकडे बघितलं की माणूस पाण्यात."

मी पायांकडेच बघत होते.

माझा धाकटा चुलतभाऊ अकील काठावरच्या खडकावर बसून शेंगदाणे खात होता. खापरहून गाडी त्यानेच आणली होती. मोलगी सोडल्यावर घाटात त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, आता मात्र त्याला कंठ फुटला.

"बाजी, अजून इचार कर. माले पव्हता येत नही. तू पडनी ते मी आठेनच हात हालावसू."

"तू शेंगदाणे संपव," मी म्हणाले.

फेब्रुवारीचे पहिले दिवस होते. धरणाने अडवलेलं नर्मदेचं पाणी आमच्या जिल्ह्याच्या वरच्या टोकाला डोंगरांच्या खाचाखोचांत शिरून बसलं आहे. दिनेश आणि त्याचे दोन मित्र लोकांना या लांबट, फुगवलेल्या बोर्डांवर उभं करतात आणि काठाकाठाने दोन-अडीच तास फिरवून आणतात. दिनेश हे काम मालवणला शिकला. तीन वर्षं तिथे पर्यटकांना समुद्रात घेऊन जायचा, मग दोन बोर्ड पाठीवर मारून गावी परतला.

"मालवणच्या समुद्राला भरती-ओहोटी असते," माझ्या पोटरीला बोर्डचा पट्टा बांधता बांधता तो म्हणाला. "आमच्या समुद्राला दरवाजे आहेत."

हा विनोद तो प्रत्येकाला सांगत असणार. तरी मी हसले.

मला फिरायचं नव्हतं. मला कोयलीपाणीला जायचं होतं. तिथे रस्ता जात नाही, आणि लाँच कधी येते कधी नाही. गाव पाण्याखाली गेलं. पुनर्वसन वसाहतीत न गेलेली चार घरं तेवढी वरच्या उतारावर आहेत, आणि दिनेशची फेरी त्यातल्या एका घरी भाकरीसाठी थांबते. मी फोनवर विचारलं होतं, तिथे रूपली नावाची कोणी बाई आहे का? तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे दर तिसऱ्या घरात रूपली असते. पण कोयलीपाणीची म्हणत असाल तर आता एकच उरली. तिच्याकडेच तर आम्ही जेवतो."

माझे अब्बा, अनीस, खापरला शिंपी होते. संक्रांत झाली की ते हातमशीन डोक्यावर घेऊन डोंगरात उतरायचे. होळीचे आणि लग्नांचे कपडे शिवत महिनाभर पाड्यापाड्यांवर राहायचे. त्यांना भिली उत्तम यायची असं लोक सांगत. आम्ही ती कधी ऐकली नाही. घरी ते कोणत्याच भाषेत फारसे बोलत नसत.

मी अकरा वर्षांची असताना, पाणी चढायच्या काही वर्षं आधी, एका बुधवारी पहाटे अम्मी गेली. आदल्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं, एवढंच. अब्बा कोयलीपाणीला होते. ट्रकवाल्याबरोबर मोलगीला निरोप गेला, आणि तिथून भिकन नावाचा माणूस तो घेऊन पायी खाली उतरला. आमच्याकडे मय्यत थांबवत नाहीत. तरीही मोठ्या चाचांनी, म्हणजे अकीलच्या अब्बांनी, अख्खी रात्र आणि पुढची दुपार वाट पाहिली. गुरुवारी दुपारी जोहरच्या नमाजनंतर अम्मीला नेलं. अब्बा आले गुरुवारी संध्याकाळी. दारात उभे राहिले आणि त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही.

आठ दिवसांनी भिकन आला आणि शपथेवर म्हणाला, मी बुधवारी दिवस मावळतानाच त्या घरी निरोप पोचवला होता. रात्री चालायला लागला असता तर माणूस सकाळी खापरला असता. चाचा सगळ्यांसमोर म्हणाले, "निरोप मिळाला आणि हा झोपला." अब्बा खाली मान घालून बसून राहिले. पुढच्या वर्षी संक्रांत झाल्यावर त्यांनी पुन्हा हातमशीन उचललं आणि ते पुन्हा कोयलीपाणीला गेले.

तेहतीस वर्षं मी त्यांना विचारलं नाही. त्यांचं सगळं केलं. औषधं, चष्मा, हिवाळ्यात गरम पाणी. तळोद्याच्या कॉलेजात मराठी शिकवते, माणसं काय बोलतात आणि काय बोलत नाहीत यावर मुलांना पानंच्या पानं लिहायला लावते. घरात मात्र मी एक प्रश्न टाळत राहिले आणि त्या टाळण्याला आदर म्हणत राहिले.

गेल्या नोव्हेंबरात दवाखान्यात, शेवटच्या दोन दिवसांत, ते भिली बोलू लागले. मला एक अक्षर कळेना. ममता नावाची सिस्टर धडगावकडची होती. ती सलाईन बदलताना थबकली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, रूपली, मला उठवायचं होतंस."

चव्वेचाळिसाव्या वर्षी, इतकं वाचून झाल्यावर, वडिलांच्या तोंडी एका परक्या बाईचं नाव ऐकून मनात जे येऊ नये तेच माझ्या मनात आलं. त्यांचा चाळिसावा दिवस झाला तरी ते गेलं नाही. मग मी दिनेशला फोन केला.

पहिला पाऊण तास मी गुडघ्यांवरच होते. पाणी हिरवट, जाड, स्थिर. बोर्डखालून ते चुळुक चुळुक वाजायचं. काठाने सागाची पानं गळून डोंगर उघडे पडले होते, मधेच एखाद्या पळसाला पहिली फुलं. एका खाडीसारख्या वळणात वाळलेल्या झाडांचे शेंडे पाण्याबाहेर आले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

"आता उठा," दिनेश म्हणाला. "एक पाय, मग दुसरा. समोर बघा. त्या पाणकावळ्याकडे बघा, तो बघा कसा ऐटीत आहे."

मी उठले आणि पडले. पाणी इतकं थंड होतं की अम्मीचं नाव तोंडातून निघालं. दिनेशने लाइफ जॅकेटला धरून मला बोर्डवर ओढलं.

"पायांकडे बघितलं ना?"

"खाली काही दिसतं का ते बघत होते."

"खाली काही दिसत नाही, मॅडम. माझंही बघून झालंय."

दुसऱ्यांदा उठले तेव्हा राहिले उभी. पोटऱ्या थरथरत होत्या. पण उभं राहिल्यावर काठ वेगळा दिसतो. बसल्यावर जी नुसती भिंत वाटत होती, तिच्यात उतार, शेतं, पायवाटा दिसायला लागल्या. मी अब्बांच्या प्रदेशात उभी होते आणि मला तिथली एकही खूण ठाऊक नव्हती.

रूपलीबाईचं घर काठापासून बरंच वर होतं. कुडाच्या भिंती, सागाचे जुने खांब. पाणी वाढलं तसं तिने ते तीनदा वर सरकवलं, असं दिनेशने सांगितलं; खांब मात्र तेच. ती अंगणात तूर झोडत होती. पंचाहत्तरीची असेल, वाळलेली, ताठ. दिनेशने तिला माझ्याकडे बोट दाखवून काही सांगितलं. त्यात मला 'खापर' कळलं.

ती जवळ आली. जॅकेटच्या फटीतून माझ्या कुडत्याच्या बाहीची शिवण तिने दोन बोटांत धरली, उलटून पाहिली आणि काहीतरी म्हणाली.

"आजी विचारते, हे कोणी शिवलं?"

"विकत घेतलंय. तयार."

दिनेशने सांगितलं. ती नाक उडवून एकच शब्द बोलली. "म्हणते, तरीच."

मग तिने अब्बांची चौकशी केली असावी, कारण तिचा चेहरा एकदम उजळला. मी दिनेशला म्हणाले, "सांगा त्यांना. नोव्हेंबरात गेले."

दिनेशने सांगितलं नाही. "आधी जेवून घ्या, मॅडम. आमच्यात उपाशी माणसाशी मयताचं बोलत नाहीत. तिलाही कळलंय, तुमच्या तोंडाकडे बघून. पण तुमचं खाणं होईपर्यंत ती ऐकणार नाही."

आणि खरंच, ती आत निघून गेली होती. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, लाल मिरचीची चटणी आली. ती समोर उकिडवी बसून माझ्या हाताकडे बघत राहिली. मी अर्धी भाकरी ठेवायला लागले तर तिने पानाकडे बोट केलं. माझा घास तोंडातच राहिला. कारण तेवढ्यात, कोणी काही सांगायच्या आधीच, मला अर्धं समजलं होतं.

हात धुतल्यावर दिनेशने सांगितलं. ती ऐकत राहिली. रडली नाही. कपाळाला हात लावून बराच वेळ तुरीच्या ढिगाकडे बघत बसली.

"त्यांना विचारा," मी म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा भिकन इथेच निरोप घेऊन आला होता का?"

ती बोलू लागली आणि दिनेश वाक्यामागून वाक्य मराठीत सांगू लागला. "आला होता. दिवस मावळत होता. तुझा बाप ओट्यावर शिवत होता, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्याने. लग्नघरचं काम होतं. मी भिकनला घरामागे नेलं, म्हटलं, तोंड बंद ठेव. सांगितलं असतं तर हा जेवला नसता, तसाच निघाला असता. नऊ तासांची चढण, अंधार, पोट रिकामं. एकाची दोन मढी झाली असती. मी त्याला पोटभर वाढलं. म्हणाला, रूपली, आज काय सण आहे का? मग झोपला. पहाटे उठवला, तोंड धुवायला लावलं, मग सांगितलं."

मग समजावल्यासारखी माझ्याकडे वळून बोलली.

"म्हणते, मढं कुठे पळून जातं, पोरी? माणसं येईपर्यंत थांबतं. माझा नवरा दोन दिवस थांबला होता, भाऊ उसाच्या तोडीवर होता म्हणून."

दिनेश माझ्याकडे बघत नव्हता. मालवणला तीन वर्षं काढलेला, शहाद्याला शिकलेला मुलगा. आमच्याकडे मय्यत थांबवत नाहीत हे त्याला ठाऊक असणार.

मी बोलायला तोंड उघडलं. तेहतीस वर्षांचं सगळं तिथे होतं. चाचांचं वाक्य, अब्बांची खाली गेलेली मान, मी न विचारलेला प्रश्न. ती तुरीच्या काड्या बोटांनी मोडत होती आणि पुन्हा काही बोलत होती, या वेळी हळू.

"आजी म्हणते, पुढच्या साली तो आला तेव्हा मी विचारलं होतं, बायकोचं तोंड बघायला मिळालं ना? तो म्हणाला, मिळालं. पण म्हणाला आणि लगेच सुई ओवायला लागला. मी परत विचारलं नाही. तो दर साली इथेच उतरायचा, पाणी येईस्तोवर. कधी वाकडा शब्द बोलला नाही. तरी माझ्या मनात राहिलं." दिनेश माझ्याकडे वळला. "तू तेव्हा घरी असशील. तुला आठवत असेल. पोचला होता ना तो?"

तिचे डोळे पिचके, पाणावलेले, माझ्या तोंडावर खिळले होते. माझ्या उत्तराची ती खरोखर वाट बघत होती. आणि मला कळलं की याच खांबांच्या घरी, याच प्रश्नासमोर, अब्बाही असेच बसले होते.

"आठवतं," मी म्हणाले. "वेळेवर आले होते. तोंड बघितलं त्यांनी."

दिनेशने क्षणभर उशीर केला. मग सांगितलं.

रूपलीबाईने मोठा श्वास सोडला. उठली, आत गेली, आणि एका फडक्यात बांधून तूर घेऊन आली. नको म्हणायची सोय नव्हती.

परतताना वारा समोरून होता. दिनेश पुढे, मी मागे. मग तो वळून म्हणाला, "मॅडम, मी असतो तरी तेच सांगितलं असतं."

"अब्बांची पायवाट कोणती?" मी विचारलं. "मोलगीला जायची."

त्याने वल्ह्याने दाखवलं. पाण्यातून एक वाट निघत होती. जणू कोणी नुकतंच भिजल्या पायांनी वर गेलं असावं तशी ती काठावर उगवली होती, आणि तिरपी तिरपी चढत पहिल्या डोंगरधारेवरून पलीकडे उतरली होती. खालचा भाग पाण्यात होता. रूपलीबाईला कळलं नव्हतं, पण अब्बांना पहाटेच कळलं असणार. मय्यत दुपारच्या पुढे थांबणार नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? आपण पोचणार नाही हे जाणूनच ते ही वाट चढले. आणि घरी आल्यावर त्यांनी तिचं नाव घेतलं नाही, कारण नाव घेतलं असतं तर चाचा आणि भिकन आणि अख्खी गल्ली तिला दोष द्यायला मोकळी झाली असती.

मी वल्हं पाण्यात उभं धरून थांबले. पहाटे निघाले म्हणजे पहिल्या धारेला ते उन्हं तापायच्या आत पोचले असतील. मग पलीकडचा उतार, मग दुसरी चढण. अम्मीला उचललं तेव्हा दीड वाजला होता. मी खिडकीत होते, मला घड्याळ दिसत होतं. दीड वाजता ते कुठे असतील?

"मॅडम, वारा वाढतोय. निघायला हवं."

"थांब जरा," मी म्हणाले.

धारेच्या पलीकडचं इथून काही दिसत नव्हतं. तरी मी तिकडेच बघत उभी राहिले.