काचेखालचा उजेड

मी एक जुने काचेचे टेबल आहे. मित्रांनो, पूर्वी माझ्या पोटात दिवा असे. काचेवर जुना नकाशा, त्यावर कोरा कागद ठेवायचा. खालून उजेड आला की रेषा गिरवता येत. शिमकेंत शहरातल्या आमच्या नकाशे आखणाऱ्या कचेरीत कारखान्यांचे नळ, विजेच्या तारा आणि हवेचे मार्ग असेच कागदावर उतरत आणि मंजुरीला जात.

माझ्यावर सर्वांत जास्त राबले ते आमचे जुने आरेखक सपार आगा. डावे कोपर माझ्या डाव्या कोपऱ्यावर टेकवूनच ते रेघ ओढत. त्यांचा नकाशा दुरुस्तीसाठी कधी परत आला नाही, याचा मला फार अभिमान होता. पुढे त्यांनीच आखलेल्या मांसाच्या शीतगृहात गारव्यासाठी वापरायचा अमोनिया वायू गळला आणि पाहणीला गेलेले आगा तिथेच गुदमरले. विषारी हवा बाहेर फेकणारा पंखा मालकाने जागा हवी म्हणून काढून टाकला होता.

संगणक आले. माझा दिवा काढला, मी चहाचे टेबल झाले. आगांची बायको रौशन आपा आमच्याच कचेरीत होती. तिने त्या शीतगृहाचा आगांच्या हातचा नकाशा माझ्यावर कायमचा अंथरला. दर शुक्रवारी ती मृतांच्या नावाने तळलेल्या शेल्पेक पोळ्या आणून माझ्यावर ठेवी. तेलाचा वास गेलेल्यांना पोचतो म्हणतात.

एका शुक्रवारी कचेरीतल्या तरुण दौलेतने माझ्यावर नवा नकाशा पसरला. तेच शीतगृह पुन्हा उघडायचे होते. त्याने संगणकातली शेवटची, मालकाने केलेल्या बदलानंतरची आखणी जशीच्या तशी उचलली होती. तिच्यात पंखा नव्हताच. संध्याकाळी मंजुरी मिळाली की कामगार आत जाणार होते. मला ओरडावेसे वाटत होते, पण टेबलाला तोंड कुठले?

आपाने सवयीने पोळी नेमकी त्या कागदावर ठेवली.

“आपा, आता नकाशालाही जेवू घालता का?” दौलेत कुरकुरला.

“घालते. तुझ्यापेक्षा तरी तो गुणाचा आहे.”

त्याने पोळी उचलली. तेलाने कागद पारदर्शक झाला होता आणि डागातून खालचा पंखा दिसत होता, आगांच्या हातचा. त्याच्या रेषा उजळत चालल्या होत्या.

“दिवा कुणी लावला रे?” आपाने हळूच विचारले.

“आपा, यात दिवाच नाही.”

दौलेतने कागद गुंडाळला आणि तो नकाशात पंखा घालायला बसला. उजेड विझला. माझ्या डाव्या कोपऱ्यावर टेकलेल्या कोपराचा भार मात्र तसाच होता.

मित्रांनो, जुने गिरवण्याआधी त्याच्याखाली काय आहे ते पाहत जा. आणि माझी काच जपा. कप कुठेही ठेवा, पण डावा कोपरा मोकळा सोडा. तिथे अजून काम चालते.