संध्याकाळची स्टेशनं लागायच्या आधी

वाहेदभाईंनी चांदूर रेल्वेतलं रेडिओदुरुस्तीचं दुकान बंद केलं, त्याच वर्षी मी धामणडोहच्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले. कापूस कवडीमोल झालेला, बिघडलेला रेडिओ दुरुस्त करायला कुणी येत नव्हतं. वाहेदभाई पन्नाशीचे, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सकाळी पाठीवर पंप अडकवून ते दुसऱ्यांच्या वावरात फवारणीच्या रोजानं जात. संध्याकाळी धामणडोहातल्या घरी अंघोळ करून गल्लीकडच्या खोलीत बसत. त्यांचा जीव त्या खोलीत होता.

तिथे भिंतीवर परीक्षा देऊन मिळवलेला सरकारी परवाना काचेत लावला होता. खाली फळीवर त्यांनी स्वतः जुळवलेला ट्रान्समीटर, शेजारी रिसीव्हर, आणि खिडकीतून बाहेर पडून समोरच्या कडुनिंबाला बांधलेली लांबलचक तार. देशभरचे हौशी लोक असे एकमेकांशी बोलतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

"बाकीच्यायच्या मशीनी महागाच्या, सिस्टर," ते एकदा म्हणाले होते. "पण त्यायचं बोलणं साध्या रेडिओत बदकावानी येते. आपला जुना एएम. शॉर्टवेव्ह असलेला कोणताही घरचा रेडिओ आपल्याले पकडते. ताकद म्हणसान तं आठ वॅट. झिरोच्या बल्बापेक्षा कमी."

माईकला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. परवाना एकाच्या नावावर असतो, दुसऱ्याचा आवाज गेला तर तो रद्द होतो, असं ते बायकोला, रजियाबीला, वारंवार बजावत. ती दारात चहा घेऊन उभी राही आणि ते बोलायचे थांबले की कप पुढे करी.

दोन हजार सहा साली पोळ्याच्या आधी सलग अकरा दिवस पाऊस लागला. गावाच्या दोन्ही बाजूंचे नाले भरून वाहू लागले. विजेचे खांब पडले, मोबाइलचा टॉवर मुका झाला, आणि फोनची केबल पुलाबरोबरच वाहून गेली. बाराव्या दिवशी कडक ऊन पडलं. कपाशीवर अळी चढलेली होती, त्यामुळे सगळ्यांनी त्या एकाच दिवशी फवारणी काढली. कपाशी छातीएवढी वाढलेली, वारा अजिबात नाही, अंगाला घामाच्या धारा, आणि तोंडाला बांधायला फक्त दुपट्टा.

दुपारी बाराला पहिला माणूस बैलगाडीतून आणला. ते वाहेदभाईच होते. तोंडातून फेस, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली, दंडाची कातडी थडथड उडत होती. मागोमाग माणिकबाईचा एकोणीस वर्षांचा विपुल, मग आणखी तिघं. पाच जण. मी कपडे कापून काढले. माणिकबाई आणि इतर बाया साबणानं त्यांची अंगं धुऊ लागल्या. उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं द्यायची असतात, आणि एकेका माणसाला ती पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. माझ्या कपाटात बावीस होती. डॉक्टर नाल्यापलीकडच्या आरोग्य केंद्रात. पोहणारा एक जण दोर बांधून पाण्यात उतरला. वीस पावलांवर त्याला ओढून परत घ्यावं लागलं.

एक वाजेपर्यंत बावीसमधली नऊ संपली.

रजियाबी नवऱ्याच्या तोंडातला फेस पदरानं पुसत होती. मी तिला दाराबाहेर घेतलं.

"रजियाभाभी, तो ट्रान्समीटर तुम्हाला चालवता येतो?"

"येते का नाही येत, काय सांगू? पंधरा वर्षं पाहून राहिली मी. कोणता खटका कवा दाबतेत ते ठाऊक आहे. पण बोलली नाही कधी. परवाना त्यायचा आहे, सिस्टर. ते नाई म्हणतेत."

"आज त्यांना काही म्हणता येत नाही," मी बोलून गेले.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गल्ली ओलांडली. त्यांचं घर समोरच होतं. गल्लीकडच्या खोलीतली बॅटरी उतरलेली निघाली; विपुल ज्याच्या वावरात फवारत होता त्या मालकानं ट्रॅक्टरची काढून आणली. तिनं वायरी जोडल्या, एक बटण फिरवलं, काटा हलेपर्यंत दुसरं फिरवलं. माईक हातात घेतल्यावर मात्र तिचे ओठ नुसतेच हलले.

"काय बोलू?"

"काय झालं ते सांगा. गावाचं नाव पुन्हा पुन्हा सांगा. औषधाचं नाव ॲट्रोपिन."

"हॅलो," ती म्हणाली. "मी धामणडोहातून बोलून राहिली. तालुका चांदूर रेल्वे, जिल्हा अमरावती. आमच्या अठी पाच माणसायले फवारणीची दवा लागली. सिस्टरपाशी सुया संपून राहिल्या. नाल्याले पूर आहे, फोन बंद आहे. कोणी आयकत असान तं अमरावतीले कळवा. ॲट्रोपिन पायजे. धामणडोह." मग हेच सगळं तिनं हिंदीत सांगितलं.

बोलणं थांबवून तिनं रिसीव्हर लावला. नुसती खरखर. दूर कुठलंतरी परदेशी गाणं, तेही बुडबुड्यासारखं वर येऊन विरून जाणारं.

"दोन मिनिटं बोलायचं आन् पाच मिनिटं थांबायचं," ती म्हणाली. "नाईतं ते जळते. ते असंच करतेत." ट्रान्समीटरच्या आतल्या, तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून तिनं चटकन मागे घेतला. मग ओलं फडकं पिळून त्या पत्र्याजवळ धरून ती पुठ्ठ्यानं वारा घालू लागली.

मी उपकेंद्रात परतले. त्या दुपारी मी ती गल्ली किती वेळा ओलांडली, आठवत नाही. दर वेळी खिडकीतून तिचा आवाज येई. आवाज चढत नव्हता, रडवेला होत नव्हता. तेच शब्द, त्याच क्रमानं. मग शांतता, आणि पुठ्ठ्याचा फटफट आवाज.

"कोणी बोललं?"

"नाई."

अडीचला पुन्हा तेच. तीनला पुन्हा. तेव्हा तिनं मला पहिल्यांदा वेळ विचारली.

"सूर्य कलला की चीनवाले येतेत," ती म्हणाली. "सहा वाजल्यापासून या जागेवर मोठे मोठे स्टेशन लागतेत. मंग आपल्या आठ वॅटाले कोणी आयकत नाई. ते बी सहाच्या पुढं बसत नाईत कधी. जे करायचं ते सहाच्या आधी."

साडेतीनला माझ्याकडे चार इंजेक्शनं उरली. तिघांचं तोंड कोरडं पडलं होतं, श्वास मोकळा होऊ लागला होता. म्हणजे औषध लागू पडत होतं. विपुल मधेच होता, कधी बरा, कधी छातीत घरघर. वाहेदभाईंना सगळ्यात जास्त दिली होती आणि त्यांची बाहुली हलत नव्हती. सकाळी सहापासून ते शेतात होते. अंगावर गळका पंप, पाठ पूर्ण भिजलेली. नखं निळी पडली होती.

चार इंजेक्शनं दोघांत वाटली असती तर दोघांनाही अपुरी पडली असती. हे मला शिकवलेलं होतं. पुस्तकात ते एका ओळीत असतं. मी माणिकबाईकडे पाहिलं नाही, वाहेदभाईंच्या तोंडाकडे पाहिलं नाही. विपुलचा दंड धरला आणि एक दिलं, दहा मिनिटांनी दुसरं.

चार वाजता वाहेदभाईंचा श्वास थांबला. मी छाती दाबली, हवेच्या फुग्यानं श्वास दिला, माणिकबाईनं पाय चोळले. सव्वाचारला मी थांबले. चादर छातीपर्यंत ओढली, तोंड उघडंच ठेवलं, झोपलेल्या माणसाचं ठेवतात तसं. माणिकबाई तोंडावर हात घेऊन भिंतीला टेकली.

"रजियाले बलावू?" तिनं विचारलं.

विपुलची घरघर पुन्हा सुरू झाली होती. दोन इंजेक्शनं उरली होती. समोरच्या खिडकीतून आवाज येत होता: तालुका चांदूर रेल्वे, जिल्हा अमरावती.

"थांबा," मी म्हणाले.

गल्लीत गेले तेव्हा ती पुठ्ठा हलवत होती.

"कसे आहेत?"

"झोपलेत," मी म्हणाले.

तिचे खांदे थोडे खाली आले. तिनं माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, तोंड पुसलं आणि माईक उचलला.

त्यानंतरचे अडीच तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. पाचच्या सुमाराला शेवटची दोन्ही विपुलला दिली. त्यानंतर माझ्या हातात काहीच नव्हतं. मी त्याला कुशीवर वळवत होते, घशातला चिकट स्राव बोटाला कापड गुंडाळून काढत होते, आणि त्या भांडवलावर त्याला पुढच्या मिनिटात नेत होते. सहाला रेडिओवर खरोखरच परकी भाषा चढली. खिडकीतून ऐकू येत होती, खणखणीत. रजियाबी तरीही बोलत राहिली. आता ती पाच मिनिटं थांबत नव्हती. जळक्या वासाची एक रेघ गल्लीत आली, तरी ती बोलत होती.

पावणेसातला नाल्याकडून आरोळ्या आल्या. पूरपथकाची रबरी होडी. पुढे डॉक्टर, छातीशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला खोका. "रेडिओवाली बाई कुठे आहे?" त्यांनी येता येताच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता विपुलजवळ बसले.

रजियाबी पळत आली. ती डॉक्टरांकडे गेली नाही, सरळ नवऱ्याच्या खाटेशी गेली. कपाळावर हात ठेवला. तो हात तसाच राहिला.

"कवा?" तिनं विचारलं.

"चारला."

"चारला," ती म्हणाली. "तुमी मले झोपले म्हणून सांगतलं."

मी मान हलवली.

"त्यायच्या कानात कलमा सांगाले कोणी नव्हतं. मी दहा पावलांवर होती, सिस्टर. दहा पावलांवर. आन् मी त्या डब्यासोबत बोलून राहिली होती."

माणिकबाई उठून तिच्या पायाशी बसली. रजियाबीनं पाय ओढून घेतले नाहीत, पण खाली पाहिलंही नाही.

विपुल जगला. बाकीचे तिघेही जगले. पूर उतरल्यावर वाहेदभाईंना नाल्यापलीकडच्या कब्रस्तानात दफन केलं. रजियाबीनं माझ्याशी बोलणं सोडलं. औषध हवं असलं तर शेजारणीला पाठवी. गल्लीत समोरासमोर आलो तर ती थांबे, मी जाईपर्यंत थांबे, मग निघे. गाव मला चांगलं म्हणत होतं. माणिकबाई तर ज्वारीचं पहिलं कणीस माझ्या दारात ठेवून गेली. ते मी बरेच दिवस उचललं नाही.

दिवाळीनंतर अकोल्याहून एक म्हातारे गृहस्थ आले, वामनराव. जिनिंग फॅक्टरीत फिटर होते, निवृत्त. रजियाबीचं घर विचारत ते आधी माझ्याकडे आले, म्हणून त्यांना घेऊन मला तिच्या दारात जावं लागलं. तिनं त्यांना खाट दिली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

"मी रोज संध्याकाळच्या बातम्या लावतो बाई," ते म्हणाले. "त्या दिवशी लवकर लावला रेडिओ. काटा फिरवता फिरवता तुमचा आवाज. पहिले तं मले नाटक वाटलं. मंग चांदूर रेल्वे म्हणाले तुमी. मी पोलिसाच्या कंट्रोल रूमले फोन केला. तिथला पोरगा म्हणते, आजोबा, रेडिओवर आयकलं? आन् ठेवून देल्ला. दुसऱ्यांदा केला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मी बोललोच नाही. फोनाचा चोंगा रेडिओच्या तोंडाले लावून धरला. दोन मिनिटं. तुमचं बोलणं त्यानं सोताच्या कानानं आयकलं. मंग अमरावतीले कळवलं त्यायनं."

"किती वाजले होते?" रजियाबीनं विचारलं.

"पहिल्यांदा आयकलं तवा पावणेपाच. घड्याळात पाह्यलं ना मी."

तिनं हिशेब केला असणार. मी तर तिथल्या तिथे केला होता. चारला तिला बोलावलं असतं तर पावणेपाचला त्या जागेवर नुसती खरखर असती. हे मला समाधानाचं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तर अजिबात नाही.

"तवा ते नव्हते," ती वामनरावांना म्हणाली. त्यांना कळलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आवाज साफ येत होता?"

"साफ कुठला? अर्धा शब्द ये, अर्धा जाय. पण बाई रडत नाई, भांडत नाई, एकच गोष्ट सांगून राहिली, म्हणून कान लावला मी."

तिनं चहा केला. दोनच कप.

पुढच्या महिन्यात सरकारी पत्र आलं. परवानाधारक हयात नसल्यानं यंत्रसामग्री जमा करावी. त्या दिवशी काय झालं याचा त्यात उल्लेख नव्हता. गावातले लोक म्हणाले, नको देऊ, विपुलचा मालक तर भांडायला निघाला होता. तिनं कुणाचं ऐकलं नाही. "त्यायनं कायदा कधी मोडला नाही," एवढंच म्हणाली. ट्रान्समीटर, रिसीव्हर, गुंडाळलेली तार, सगळं तिनं लाकडी पेटीत जुन्या साड्या घालून बसवलं. परवाना मात्र भिंतीवरच ठेवला.

चांदूरला जाणारी एसटी फाट्यावर थांबते. पेटी जड होती. मी उपकेंद्राच्या पायरीवर नोंदी लिहीत बसले होते, आणि रजियाबी ती पेटी एकटीच उंबऱ्यावरून ओढत होती. ओढून ओढून गल्लीच्या मधोमध आली आणि थांबली. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. ती बराच वेळ पेटीकडे पाहत उभी राहिली.

"सिस्टर," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही. "एक टोक धरा."

मी वही ठेवली आणि धरलं. फाट्यापर्यंत आम्ही चारदा पेटी खाली ठेवली, हात बदलले, पुन्हा उचलली.